त्रिशूळ, सिंह आणि एक नाव

कांस्याची गोल चकती आहे. व्यास बारा सेंटिमीटर. उघड्या पंजावर ठेवली तर पंजा झाकला जातो आणि तिचं वजन मनगटाला कळतं. मधे शिरस्त्राण घातलेली, पायघोळ वस्त्रातली एक स्त्री उभी आहे. एका हातात त्रिशूळ. दुसरा हात पुढे केलेला, त्यात पानांचं कडं, आणि ते कडं एका चौकोनी पाटीवर धरलेलं. पुढ्यात सिंह. आसपास दोन डॉल्फिन. खाली कडेशी आणखी एक लहान सिंह गरुडाला फाडतो आहे. भोवताली वळसा घालून इंग्रजी अक्षरं गेली आहेत, त्यांचा अर्थ असा : तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला. आणि चौकोनी पाटीत, रोमन लिपीत, एक मराठी नाव.

ही चकती तोंडवळीतल्या एका घरची आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मधे तळाशीलपर्यंत निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी, असा हा मुलूख. वडील गेल्यावर मुलांनी त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. जमिनीचे कागद, बँकेची बंद झालेली पुस्तकं, आणि त्यांच्याही खाली धोतराच्या फडक्यात ही चकती. मुलगा मुंबईत असतो. त्याने फोटो काढून जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला पाठवला, व्यापाऱ्याने भाव सांगितला आणि घरात दोन तट पडले. मुलाचं म्हणणं, इंग्रजांच्या लढाईत इंग्रजांसाठी मेलेल्या माणसाची ही इंग्रजांनी दिलेली निशाणी. ती घरात ठेवून मिरवायचं काय? त्याची बहीण एवढंच म्हणाली, ‘विकूचा नाय. तेच्यार नाव आसा.’

मी बहिणीच्या बाजूचा आहे. पण नाव आहे म्हणून विकायची नाही, एवढं म्हणून भावाच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्यासाठी ही चकती कविता वाचावी तशी, एकेक जागा थांबून वाचली पाहिजे. तिच्यात जे आहे तेही वाचायचं आणि जे नाही तेही.

आधी तिचा जन्म. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना काहीतरी स्मृतिचिन्ह द्यायचं, असं ब्रिटिश सरकारने १९१६ मध्ये ठरवलं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली. आठशेहून अधिक नमुने आले. पहिलं बक्षीस, अडीचशे पौंड, लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराला मिळालं. याच माणसाने पुढे लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमधल्या मूर्तिकामाला आयुष्याची कित्येक वर्षं दिली. चकत्या ओतायला सुरुवात १९१८ च्या अखेरीस लंडनच्या ॲक्टन भागात झाली; पुढे ते काम वुलिचच्या सरकारी शस्त्रशाळेत गेलं. साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या निघाल्या. सहाशेच्या आसपास बायकांच्या नावे होत्या, तेवढ्यांवर ‘तो’च्या जागी ‘ती’ आहे. इंग्लंडात लोकांनी तिला ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणायला सुरुवात केली, मेलेल्याचा पैसा. हिंदुस्थानी शिपायांच्या घरीही ती गेली.

या साडेतेरा लाख चकत्यांमधली स्त्री तीच, सिंह तोच, डॉल्फिन तेच. नाव मात्र प्रत्येकीवर वेगळं आणि तेही मागाहून कोरलेलं नाही. उठावाची अक्षरं मूळ ओतकामातच आहेत. म्हणजे प्रत्येक माणसासाठी साच्यातला तेवढा तुकडा नव्याने जुळवावा लागला. लंडनच्या कारखान्यात कुणीतरी कधीतरी या तोंडवळीच्या माणसाच्या नावाची अक्षरं एकेक करून लावली. त्या कामगाराला ते नाव उच्चारताही आलं नसेल. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर पडलं तसं आहे. एक स्वर चुकला आहे, आडनावाचं शेवटचं अक्षर दुणावलं आहे. वडिलांचं नाव मधे नाही. तरीही ते नाव आहे, आणि इतकं घट्ट आहे की शंभर वर्षांच्या खाऱ्या हवेने त्याचा एक कोपराही खाल्लेला नाही. चकतीबरोबर एक छापील मानपत्रही घरोघर जात असे. या घरात ते उरलेलं नाही. समुद्राकाठच्या घरात कागद किती काळ टिकतो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता रचना पाहा. कार्टर प्रेस्टनच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही की त्याने मेलेल्या माणसाचं चित्रच काढलेलं नाही. सैनिक नाही, बंदूक नाही, पडलेला देह नाही. स्त्रीची मान थोडी झुकलेली आहे, तिची नजर आणि तिचा पुढे केलेला हात दोन्ही ज्या जागेकडे जातात तिथे कुणी माणूस उभा असायला हवा होता. तिथे पाटी आहे. कडं एखाद्या मस्तकावर धरावं तसं नावावर धरलेलं आहे. अख्खं शिल्प एका गैरहजर माणसाभोवती बांधलं आहे आणि त्याची गैरहजेरी अक्षरांनी भरून काढली आहे. सिंहाच्या अंगकाठीवर तेव्हाच टीका झाली होती. प्राणिसंग्रहालयातले जाणकारही नाराज होते म्हणतात. मला तो सिंह खरंच थोडा बुटका वाटतो. पण त्या बुटकेपणाने एक काम केलं आहे : सिंह पाटीच्या वर जात नाही, नावाशी स्पर्धा करत नाही.

आपल्याकडे मेलेल्या वीराची आठवण दगडात ठेवायची रीत याच्या नेमकी उलट आहे. वीरगळ आठवा. देवळाबाहेर, पारावर, पिंपळाच्या मुळात अडकलेला उभा दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर गलबतांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. ते आपल्या किनाऱ्याचं युद्ध आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. माणूस कसा मेला ते सगळं दगड सांगतो, कोण मेला ते गावाने लक्षात ठेवायचं. गावाची आठवण संपली की वीरगळ नुसता शेंदूर फासलेला दगड उरतो. तोंडवळीच्या चकतीवर कोण मेला तेवढंच आहे. कुठे, कसा, कोणत्या पलटणीत, यातलं काहीही नाही. तो इतिहास घराने सांभाळायचा होता, आणि घराला तो सांभाळता आला नाही. ‘बाबांच्या आज्याचो भाव’, एवढीच माहिती आज घरात आहे.

आणि ही माहिती तरी का उरली? श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात : बाप, आजा, पणजा. लग्न न होता, मूल न होता मेलेला चुलता त्या ओळीत बसत नाही. एक-दोन पिढ्यांत तो वंशावळीतून गळून पडतो. कुणी मुद्दाम वगळत नाही, त्याचं नाव घेण्याची जबाबदारीच कुणावर नसते. युद्धावर जाणारी मुलं विशी-बाविशीतली असत. अशा किती जणांची नावं कोकणातल्या घरांमधून गेली असतील याची मोजदाद कुठेच नाही. या एकाचं राहिलं, कारण ते धातूत होतं.

चकतीच्या दर्शनी भागावर स्त्रीचा चेहरा गुळगुळीत झाला आहे. नाक जवळजवळ राहिलेलं नाही. त्रिशूळाच्या टोकांमध्ये आणि सिंहाच्या आयाळीत लाल रंगाचे कण घट्ट बसलेले आहेत. ते कुंकू आहे. बहिणीने लहानपणी आजीकडून ऐकलं होतं की ही चकती पूर्वी देव्हाऱ्यात असायची. मला हे ऐकून मुळीच नवल वाटलं नाही. ती स्त्री ब्रिटानिया, ब्रिटिश साम्राज्याचं मूर्त रूप, तिच्या हातातलं शस्त्र समुद्रावरच्या सत्तेचं चिन्ह, सिंह ब्रिटनचा. हे सगळं लिव्हरपूलच्या शिल्पकाराच्या मनातलं. पण १९२० च्या सुमाराला टपालाने आलेलं हे पुडकं मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या आईने उघडलं असेल, तेव्हा तिने काय पाहिलं? हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह, तेजस्वी उभी बाई. हे रूप तिला नवरात्रापासून ओळखीचं होतं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. आपल्या मुलाचं नाव त्या पाटीत आहे हे तिला कुणीतरी बोट ठेवून सांगितलं असणार. म्हणजे तिच्या दृष्टीने देवीने तिच्या मुलाच्या नावावर हात धरला होता.

याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हे वाचन आहे, आणि शिल्पकाराच्या वाचनाइतकंच शिल्पाशी इमानी आहे, कारण हात खरोखरच नावावर धरलेला आहे. महाराष्ट्रात घरोघरच्या देव्हाऱ्यात चांदीचे, पितळेचे टाक असतात. खंडोबाचा, देवीचा, आणि कित्येक घरांत लढाईत पडलेल्या पूर्वजाचाही, ज्याला नुसतं ‘वीर’ म्हणतात. उठावाचं चित्र असलेला, पूजेतला, घराण्याचा धातूचा तुकडा, ही वस्तू त्या आईच्या घरात आधीपासून ठरलेली होती. साम्राज्याने पाठवलेलं स्मृतिचिन्ह तिने उचललं आणि घराच्या रीतीत बसवलं. ब्रिटानियाचा चेहरा झिजला तो तिच्या बोटांनी आणि तिच्यामागून आलेल्या सुनेच्या बोटांनी. हा झिजलेला चेहरा म्हणजे या चकतीचा दुसरा हात आहे. पहिला कार्टर प्रेस्टनचा. व्यापाऱ्याच्या भाषेत अशी झीज म्हणजे खोट, तिने किंमत उतरते. माझ्या लेखी ही झीज आणि हे कुंकू हाच या चकतीचा मोठा भाग आहे, कारण उरलेल्या साडेतेरा लाखांपासून तिला वेगळं करतं ते हेच.

डॉल्फिन मला आणखी एका गोष्टीकडे नेतात. चकतीवर पलटण नाही, म्हणून हा माणूस शिपाईच होता असं धरून चालता येत नाही. मालवण तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यातून मराठा पलटणींत भरती होत होती, महार तरुण जात होते, आणि गाबीत, भंडारी, कोकणी मुसलमान दर्यावर्दी मुंबईच्या गोदीतून जहाजांवर खलाशी, आगवाले म्हणून चढत होते. मुंबईत मशीद बंदरला नाविकांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदुस्थानी खलाशांचं स्मारक आहे. दोन हजारांहून अधिक नावं आहेत तिथे. मालवणचा माणूस मुंबईत वर्षानुवर्षं राहतो आणि त्या वास्तूपुढून जातो; तिथे आपल्या गावची नावं असतील हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो जहाजावर मेला असेल तर ते डॉल्फिन आणि तो समुद्राचा त्रिशूळ त्याच्यासाठी अगदी नेमके आहेत.

तो मराठा पलटणीत असेल तर बहुधा मेसोपोटेमियात गेला. हिंदुस्थानातून सर्वांत मोठी फौज तिकडेच गेली होती. टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा गावात १९१५ च्या डिसेंबरात जनरल टाउनशेंडच्या सैन्याला तुर्कांनी वेढलं, त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. घोडी, खेचरं मारून खाल्ली गेली. ज्यांना ते चालत नव्हतं ते उपाशी राहिले, स्कर्व्हीने आजारी पडले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदी वाळवंटातून पायी चालवले गेले. त्यातले कित्येक परत आले नाहीत. शिपायाचा पगार महिन्याला अकरा रुपये होता.

भावाचा सगळा राग ज्या शब्दावर आहे तो म्हणजे स्वातंत्र्य. कुणाचं? त्याचा हा प्रश्न रास्त आहे आणि तो तेव्हाही विचारला गेला होता. चकतीची स्पर्धा जाहीर झाली त्याच महिन्यात, ऑगस्ट १९१७ मध्ये, भारतमंत्री माँटेग्यूंनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली. टिळक बोलायला उभे राहिले आणि स्वराज्याचा मुद्दा काढू लागले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना अडवलं; टिळक सभा सोडून निघाले. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. ज्याच्याकडून रक्त मागता त्याला हक्क द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रत्नागिरीच्याच या माणसाला जे वाक्य पुरं करू दिलं गेलं नाही, त्यातला एक शब्द लंडनच्या कारखान्यात कांस्यात ओतला जाणार होता. आणि १९१९ मध्ये, चकत्या बाहेर पडू लागल्या त्या वर्षी, आधी रौलट कायदा आला, मग १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली.

म्हणून तो शब्द खोटा आहे का? देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी तो खोटाच होता, आणि मला ते मवाळ करून सांगायचं नाही. पण चकती ज्याच्या नावाची आहे त्याच्यावर ते खोटं टाकता येत नाही. अकरा रुपयांसाठी, थकलेल्या खोतीच्या बाकीसाठी, धाकट्या भावंडांसाठी गेलेला मुलगा साम्राज्याचा पुरस्कर्ता ठरत नाही. भावाने रागवावं, पण तो राग पाटीभोवतीच्या अक्षरांवर असावा, पाटीतल्या नावावर नको.

त्या पाटीत नावापुढे-मागे हुद्दा नाही, हे मी मुद्दाम शेवटच्या भागासाठी ठेवलं. मरणात सगळे सारखे, म्हणून चकतीवर जनरल असो की शिपाई, फक्त नाव. असा नियम होता. युद्धातल्या कबरी सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाचंही तेच तत्त्व होतं. आता बसऱ्याला जाऊ. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक तिथे १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, शिपायापासून वरपर्यंत. हिंदी पलटणींपुढे हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांच्याखाली, ‘आणि इतके शिपाई’ असा आकडा. नाव नाही. कुतमध्ये उपाशी मेलेला, वाळवंटात पडलेला मराठा शिपाई त्या भिंतीवर एका बेरजेतला एक आहे. पुढे सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्याकडे वाळवंटात नेऊन ठेवलं गेलं. आकडे तसेच राहिले. एप्रिल २०२१ मध्ये त्याच आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्त इथल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांची नावाने नोंद झालीच नाही हे मान्य केलं, आकडा त्याहून बराच मोठा असू शकतो असंही सांगितलं, आणि माफी मागितली.

पहिल्या महायुद्धात चौऱ्याहत्तर हजारांवर हिंदी सैनिक मेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावं आहेत तेरा हजारांच्या आसपास. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात शिळा आहे, तिच्यावर गावातले शेहेचाळीस जण गेल्याची नोंद आहे; पुन्हा आकडा. अशा शिळा महाराष्ट्रात इतर गावांतही आहेत. किती गेले, किती पडले. कोण, ते नाही.

आता तोंडवळीच्या चकतीकडे पाहा. ज्या साम्राज्याने भिंतीवर अशा माणसांची बेरीज केली, त्याच साम्राज्याने ओतलेल्या या बारा सेंटिमीटर कांस्यात तो पुरता, एकटा, नावाने आहे. दगडात त्याला जागा मिळाली नसेल, इथे मिळाली. ही एकच जागा असण्याची शक्यता फार आहे. ती विकणं म्हणजे त्याचं नाव ज्या एका जागी आहे ती जागा घराबाहेर काढणं. बहिणीचं वाक्य मला इथे पुरतं कळलं.

विक्रीबद्दल थोडं. युद्धात मेलेल्याच्या घरी चकतीबरोबर बहुधा चांदीचं पदकही येत असे, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. तशी पदकं देशभर सोनाराकडे गेली; १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव जगभर अचानक चढला तेव्हा तर असंख्य वितळली. या घरात पदक नाही, आणि पलटण कळायचा सरळ रस्ता त्याच्याबरोबर गेला. चकती राहिली ती कांस्याला वितळवून फारसा भाव नसतो म्हणून. आज तिला भाव आला आहे तो संग्राहकांमुळे, आणि संग्राहक पैसे मोजतो ते नावामागे शोधता येणाऱ्या गोष्टीसाठी. म्हणजे हा माणूस कोण हे शोधण्याचं काम घराने केलं नाही, तर ते दुसरं कुणी विकत घेणार आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू परदेशी नेण्यावर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याची बंदी आहे, आणि ही चकती त्या व्याख्येत बसते असं माझं वाचन आहे. गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर व्यवहार कायद्यातही अडकतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी, मूठ मराठी घडणीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेब सुभा’ या पदवीसकट रघुजींचं नाव. ती परत आली याचा मला मनापासून आनंद आहे. रघुजींच्या स्वाऱ्यांची आठवण बंगालमध्ये वेगळी आहे, तरीही आनंद आहे. पण एक फरक दिसतो. सेनापतीचं नाव सोन्यात होतं, म्हणून राज्य ते आणायला लंडनला गेलं. शिपायाचं नाव आपण होऊन टपालाने तोंडवळीला आलं होतं आणि आता घरातून जायला निघालं आहे. ते थांबवायला कुठलं सरकार येणार नाही. हे काम घराचंच आहे.

वडिलांनी ते केलं होतं, असं मला वाटतं. त्यांनी चकती देव्हाऱ्यातून काढली. का, ते कुणाला सांगितलं नाही. कदाचित ब्रिटानिया कोण हे त्यांना शाळेत कळलं असेल. मोडीतही घातली नाही. जमिनीच्या कागदांखाली ठेवली. कोकणातल्या माणसाला जमिनीच्या कागदाची किंमत काय असते, आणि तळाशीलकडे दर पावसाळ्यात समुद्र किनारा खातो तेव्हा ती आणखी कशी वाढते, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या जागेचा अर्थ समजेल. पूजा करवत नव्हती, टाकवत नव्हती, म्हणून त्यांनी ती हक्काच्या कागदांत ठेवली.

मी भावाला तीन कामं सांगितली आहेत. कबरींच्या आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. तिथे हे नाव त्या चुकीच्या स्पेलिंगने आणि इतर चार-पाच स्पेलिंगांनी शोधायचं, बापाचं नाव आणि रत्नागिरी जिल्हा जुळतो का पाहायचं. मशीद बंदरच्या स्मारकावरची नावं वाचायची. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात संग्रहालय आहे, तिथे पत्र लिहायचं. मिळेल ते मराठीत एका कागदावर उतरवून, घराच्या नावासकट, चकतीबरोबर ठेवायचं. पुढे कधी घर ती सांभाळू शकलं नाही तर बेळगावला द्यावी, त्या कागदासकट. कुंकू मात्र कुणी साफ करू नये.

बहिणीचं वेगळंच चाललं आहे. गाऱ्हाण्यात पूर्वजांना हाक घालतात तेव्हा या माणसाचंही नाव घ्यायचं, असं तिने घरच्यांना सांगितलं आहे. त्यासाठी रोमन अक्षरांतून त्याचं खरं नाव काय असेल ते तिला नक्की करायचं आहे, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडे ती विचारायला जाणार आहे. भावाने व्यापाऱ्याला अजून नकार कळवलेला नाही. नोंदी शोधून होईपर्यंत थांबा, एवढंच कळवलं आहे.